दोन दिवस ठेवूनही पाणी निवळत का नाही: निलंबन आणि कलिल यांतला खरा फरक

प्रश्न गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षिकेचा आहे. पावसाळ्यात शाळेजवळच्या व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी त्यांनी काचेच्या बरणीत भरून वर्गात ठेवले. तासाभरात तळाला गाळ बसला. वरचे पाणी मात्र दोन दिवस झाले तरी तांबूसच. मुलांनी विचारले, हे निलंबन (सस्पेन्शन) की कलिल (कोलॉइड)? माती एकच असेल तर नावे दोन कशाला? पुस्तकातल्या तक्त्यावरून ताडून पाहावे, तर लेझरचा झोत ताज्या पाण्यातही दिसतो आणि दोन दिवसांच्या पाण्यातही. गाळणकागदातून गाळलेले पाणीसुद्धा तांबूसच उतरते. मग मुलांना सांगायचे काय?

टीचर, मुलांना सांगा की बरणीत दोन्ही होते. तासाभरात खाली बसले ते निलंबन, दोन दिवसांनी वर उरले ते कलिल. माती एकाच बांधावरची असली तरी तिच्यात वाळू असते, पोयटा असतो आणि चिकणमातीचे अतिशय बारीक कण असतात. माझी नोकरी पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेतली. नदीचे पावसाळी पाणी नितळ करून लोकांच्या नळापर्यंत पोचवायचे, हेच काम मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. त्या कामावरून ठामपणे सांगतो की या दोहोंतला फरक तक्त्यातल्या आकड्यांत नाही. कणावर हुकूम कुणाचा चालतो, यात तो आहे. निलंबनातल्या कणावर गुरुत्वाकर्षणाचा हुकूम चालतो. कलिलातल्या कणावर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांचा आणि त्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचा. म्हणून निलंबन नुसते ठेवून दिले तरी निवळते. कलिल नुसते ठेवून निवळत नाही, त्याच्या कणांचा पृष्ठभाग बदलावा लागतो.

आधी आकडे पाहू. एक नॅनोमीटरहून लहान कण असतील तर द्रावण, १ ते १००० नॅनोमीटर असतील तर कलिल आणि त्याहून मोठे असतील तर निलंबन, असे आज मानतात. बऱ्याच पुस्तकांत कलिलाची वरची मर्यादा १०० नॅनोमीटरच लिहिलेली असते, त्यामुळे दोन पुस्तके उघडणारे मूल गोंधळते. १००० नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. ही रेघ माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे हे खरे, पण मातीच्या बाबतीत ती विलक्षण अचूक जागी पडली आहे. हे गणित अकरावीच्या मुलांकडून जरूर करून घ्या.

स्थिर पाण्यात बुडणाऱ्या बारीक गोल कणाचा वेग, स्टोक्सच्या नियमाप्रमाणे, त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. मातीतल्या खनिजांची घनता पाण्याच्या साधारण २.६५ पट धरा आणि बरणीतले पाणी ३० सेंटीमीटर खोल धरा. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सेकंदाला आठ-नऊ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे मिनिटाच्या आत तळाला. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे एक तास लागतो. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ चार दिवस. ०.१ मायक्रॉनच्या कणाला सुमारे एक वर्ष! तुमच्या बरणीत तासाभरात बसलेला गाळ म्हणजे दहा मायक्रॉन आणि त्यावरचे कण. हाच हिशेब पुढे नेला तर दोन दिवसांनंतर साधारण दीड मायक्रॉनहून मोठा कण वर उरायलाच नको. मुलांनी तांबूस म्हणून पाहिले ते सगळे या मापाच्या खालचे, जवळपास पूर्णपणे कलिलाच्या हद्दीतले. मुलांनी नेमकी सीमारेषाच टिपली होती, त्यांना तसे आवर्जून सांगा.

आता दुसऱ्या बाजूचे गणित. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतून पाण्यात सुटलेले सूक्ष्म कण भिंगाखाली पाहिले. ते एक क्षणही स्वस्थ राहत नव्हते. हे पाण्याच्या रेणूंचे धक्के आहेत, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने दाखवले आणि झाँ पेरँ यांनी मोजमापे घेऊन पक्के केले. पेरँ यांना १९२६ चे नोबेल मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आइन्स्टाइन यांच्या सूत्रात आकडे घाला. एक मायक्रॉनचा कण खोलीच्या तापमानाला एका सेकंदात वर किंवा खाली सरासरी एक मायक्रॉन भरकटतो. तोच मातीचा कण गुरुत्वाकर्षणाने एका सेकंदात ०.९ मायक्रॉन खाली सरकतो. म्हणजे बरोबरीची लढत. दहा मायक्रॉनचा कण घेतला तर तो सेकंदाला नव्वद मायक्रॉन खाली जातो आणि भरकटतो जेमतेम ०.३ मायक्रॉन. ०.१ मायक्रॉनचा घेतला तर तो तीन मायक्रॉन भरकटतो आणि खाली जातो फक्त ०.००९ मायक्रॉन. एका बाजूला गुरुत्वाकर्षण तीनशेपट वरचढ, दुसऱ्या बाजूला धक्के तीनशेपट वरचढ, आणि मधोमध एक मायक्रॉन. एवढे समजलेल्या मुलाला ती मर्यादा पाठ करावी लागणार नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण हुशार मूल ती विचारतेच. भरकटणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि बुडणे सरळ काळाच्या प्रमाणात. मग पुरेसा काळ दिला तर शेवटी बुडणेच जिंकणार ना? ०.१ मायक्रॉनच्या एकट्या कणापुरते ते बरोबर आहे. पूर्ण निश्चल पाण्यात, वर्षभर थांबल्यावर, असे कण तळाजवळच्या मिलिमीटरभर थरात गोळा होतील. पण बरणीतले पाणी कधी निश्चल नसते. सकाळचे ऊन एका बाजूने लागते, रात्री काच गार होते, पाणी आतल्या आत फिरत राहते. आणि दहा नॅनोमीटरचे कण तर निश्चल पाण्यातसुद्धा अर्ध्या मीटरच्या उंचीवर पसरलेलेच राहतील. तेव्हा ‘कलिल कधीच बसत नाही’ हे वाक्य व्यवहारात खरे आहे, पण तो निसर्गनियम नव्हे.

खरा अवघड प्रश्न पुढेच आहे. इतके कण सतत धडकत असतील तर ते एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? मोठे झाले असते तर चार तासांत बसले असते. पृष्ठभागाला महत्त्व येते ते इथे. एक सेंटीमीटर बाजूचा मातीचा घन घ्या, त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर. त्याचे एक मायक्रॉन बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. दहा नॅनोमीटरचे केले तर सहाशे चौरस मीटर. माती तेवढीच राहते, पण बहुतेक सगळा कारभार आता पृष्ठभागाच्या हाती जातो.

आपल्याकडच्या जांभ्या मातीत केओलिनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते, आणि लोहाची ऑक्साइडे असतात. तांबडा-पिवळा रंग त्या ऑक्साइडांचा. साध्या नदीच्या पाण्यात चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. त्या भाराभोवती पाण्यातले धन आयन गोळा होतात आणि प्रत्येक कणाला एक विद्युत आवरण तयार होते. दोन कण जवळ आले की आधी ही आवरणे एकमेकांना भिडतात आणि कण दूर लोटले जातात. कण अगदी चिकटण्याइतके जवळ आले तर त्यांच्यात व्हान डर वाल्स आकर्षण जबरदस्त असते, पण तिथवर पोचूच दिले जात नाही. या ओढाताणीचे गणित देर्यागिन आणि लांदाउ यांनी १९४१ मध्ये, आणि फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडले.

पावसाचे आणि जांभ्यातून झिरपलेले पाणी क्षारांच्या बाबतीत फार गरीब असते. अशा पाण्यात हे आवरण दहा नॅनोमीटरच्या आसपास जाड असते. जितके क्षार कमी तितके आवरण जाड, आणि तितके कलिल टिकाऊ. भर पावसात व्हाळाचे पाणी दिवसेंदिवस तांबडे राहते त्याचे हे एक कारण. गढूळपणा मातीच्या वजनावर ठरत नाही, हे दुसरे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. जवळपास याच मापाचे कण वजनाच्या मानाने सर्वांत जास्त प्रकाश विखुरतात. म्हणून लिटरमध्ये थोडेसे मिलिग्रॅम कलिल असले तरी पाणी नजरेला गढूळ दिसते आणि तेवढ्याच वजनाची वाळू नजरेत भरतही नाही.

आता आमच्या कामाकडे येतो, कारण निलंबन आणि कलिल यांची फारकत तिथे रोज डोळ्यांसमोर होते. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात खांडेपार नदीचे पाणी उचलतात, साळावलीच्या प्रकल्पात धरणाच्या जलाशयाचे. नदीचे पाणी मोठ्या पावसानंतर वाळू-पोयट्यासकट येते. ते दिसायला भयंकर, पण त्यातला बराच भाग नुसत्या थांबण्याने जातो. जलाशयात मात्र जाडे कण धरणाच्या पोटातच बसून गेलेले असतात, वर उरते ते बारीक. लोकांना वाटते की जास्त गढूळ पाणी शुद्ध करायला जास्त कठीण. बरेचदा उलटे असते. कण कमी आणि बारीक असले की ते एकमेकांना भेटतच नाहीत, आणि हलका गढूळपणा काढायला जास्त कौशल्य लागते.

कच्च्या पाण्यात किती तुरटी घालायची हे कुठल्याही पुस्तकात मिळत नाही, ते त्या दिवशीच्या पाण्याला विचारावे लागते. त्यासाठी जार टेस्ट. सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर पाणी, प्रत्येकात एकेक पॅडल. तुरटीचे एक टक्का द्रावण आधी करून ठेवलेले असते. त्याचा एक मिलिलिटर लिटरभर पाण्यात घातला की दहा मिलिग्रॅमचा डोस झाला. सहा बीकरमध्ये चढते डोस घालून मिनिटभर जोरात ढवळतात, कारण तुरटी क्षणात सगळीकडे पोचली पाहिजे. मग पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश. सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते. मग पाण्याचा रंग किंचित मंद होतो. मग दिव्यासमोर पाहिले की टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात आणि पाहता पाहता ते टाचणीच्या डोक्याएवढे होतात. याला आम्ही फ्लॉक म्हणतो. नवखा माणूस फ्लॉकचा आकार बघतो. मी दोन फ्लॉकच्या मधले पाणी बघतो. तिथून पॅडलची कड धारदार दिसली तर डोस बरोबर बसला. फ्लॉक मोठे आहेत पण मधले पाणी अजून दुधाळ आहे, तर कलिल अजून शिल्लक आहे. पॅडल थांबवून अर्धा तास ठेवले की चांगल्या बीकरमध्ये सगळे तळाशी.

या बीकरमध्ये रसायनशास्त्राच्या भाषेत घडले ते असे. अर्ध्या तासापूर्वी जे कलिल होते त्याचे आपण निलंबन करून टाकले. पाण्यातून काहीही काढलेले नव्हते, फक्त कणांचा भार मारला आणि त्यांना एकत्र येऊ दिले. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाने केले. जलशुद्धीकरण प्रकल्पातला फ्लॅश मिक्सर, फ्लॉक्युलेटर, क्लॅरिफायर हा सगळा खटाटोप म्हणजे तीच जार टेस्ट लाखो लिटरच्या मापात.

सहाव्या, सर्वांत जास्त डोसच्या बीकरमध्ये कधीकधी पाणी पुन्हा दुधाळ होते. धनभार जास्त झाला की कणांचा ऋणभार नाहीसा होऊन थांबत नाही, उलटा होतो, आणि कण आता धनभारित होऊन पुन्हा एकमेकांना दूर लोटतात. म्हणून ‘थोडी जास्त तुरटी घातली तर काय बिघडते’ असे घरीही म्हणू नये. शिवाय तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) खाते, एका मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम. पाण्याची अल्कलिनिटी लिटरला वीस मिलिग्रॅम असेल आणि तुरटी पन्नास मिलिग्रॅम घातली, तर पंचवीस लागणार आणि आहेत वीस. मग पीएच कोसळतो, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा फ्लॉक बनतच नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळून पाण्यातच राहते. आपल्या जांभ्याच्या मऊ पाण्यात ही अडचण नेहमीची, म्हणून आधी चुना. घरगुती तुरटी फिरवून पाणी निवळले नाही अशी तक्रार लोक करतात, तेव्हा बहुतेक वेळा तुरटी निर्दोष असते, पाण्याला चुना कमी पडलेला असतो.

तुरटीने कलिल का मोडते याचे कारण पाठ्यपुस्तकात शुल्झ-हार्डी नियमाने देतात: विरुद्ध आयनाचा भार जितका जास्त तितकी त्याची कलिल मोडण्याची ताकद प्रचंड वाढते. आर्सेनिक सल्फाइडच्या ऋणभारित कलिलासाठी लिटरला सुमारे ५१ मिलिमोल सोडियम क्लोराइड लागते, कॅल्शियम क्लोराइड ०.६५ आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड फक्त ०.०९३. नियम उत्तम आहे. पण तुरटीच्या बाबतीत ते अर्धे उत्तर आहे, हे बारावीच्या पुढच्या मुलांना सांगावे. पिण्याच्या पाण्याच्या पीएचला मोकळा त्रिभारित अ‍ॅल्युमिनियम आयन जवळजवळ उरत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याची हायड्रॉक्साइडे बनतात. काही कणांवर चिकटून त्यांचा भार मारतात, आणि बाकीचा चिकट साका खाली जाताना वाटेतले कण झाडून नेतो.

मिठाने कलिल मोडते हे पाहायला प्रयोगशाळा नको, मांडवी आणि जुवारीची खाडी पुरे. सत्तरी, डिचोली, सांगेहून आलेले चिकणमातीचे कण गोड्या पाण्यात मैलोन् मैल तरंगत येतात. जिथे समुद्राचे पाणी मिसळू लागते तिथे त्यांचा निभाव लागत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात ते दहा नॅनोमीटरचे आवरण दबून अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येते. कण चिकटू लागतात, फ्लॉक होतात, प्रवाह मंदावला की खाली बसतात. खाडीच्या काठाची, खारफुटीच्या मुळांतली ती गुळगुळीत काळपट चिखलवट बरीचशी अशी साठलेली आहे. वाळूला यातले काही लागत नाही. प्रवाहाचा जोर कमी झाला की ती तिथल्या तिथे पडते, पाणी गोडे असो की खारे.

आता तुमच्या दोन अडचणी. लेझरच्या झोताची चाचणी द्रावण आणि कलिल यांत भेद करायला आहे. कलिल आणि निलंबन यांत भेद करायला ती कच्ची आहे, कारण प्रकाश दोन्ही विखुरतात. तरी बारकाईने पाहिले तर फरक दिसतो. खोली अंधारी करा, दोन्ही नमुने स्वच्छ पाण्याने इतके पातळ करा की पलीकडचे दिसेल, आणि झोत बाजूने पाहा. निलंबनात झोत खडबडीत दिसतो, आत वेगवेगळे ठिपके चमकतात आणि खाली सरकताना दिसतात. कलिलात झोत सलग, एकसारखा असतो. लेझर मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

गाळणकागदाचे तसेच. शाळेतल्या साध्या गाळणकागदाची छिद्रे दहा मायक्रॉनच्या आसपास असतात. त्यातून कलिल तर जातेच, बारीक निलंबनही जाते. शिवाय गाळत राहिलात की कागदावर मातीचा थर बसतो आणि तो थरच गाळणी होतो, म्हणून नंतरचे थेंब जास्त स्वच्छ उतरतात. आमच्या प्रयोगशाळेत ०.४५ मायक्रॉनची पटल-गाळणी वापरून खाली उतरेल ते ‘विरघळलेले’ असे धरतात. ती मोजण्याची सोय झाली. त्या ‘विरघळलेल्या’त बारीक कलिल बिनदिक्कत असते. वाळूच्या फिल्टरबद्दलही गैरसमज आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यांमधल्या फटी कणांच्या शेकडोपट मोठ्या असतात, तरी चांगला फिल्टर मायक्रॉनभराचे कण धरतो, कारण कण वाळूला चिकटतात. ते चिकटण्यासाठी त्यांचा भार आधी मारलेला हवा. तुरटीशिवाय नुसत्या वाळूतून गढूळ पाणी वेगाने सोडलेत तर कलिल तसेच पार होईल.

एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. काही विहिरींचे, बोअरवेलचे पाणी काढताना काचेसारखे स्वच्छ असते आणि बादलीत तासभर ठेवले की पिवळे, मग तांबूस होते. जमिनीखाली हवेचा संपर्क नसतो तेव्हा लोह द्विभारित आयनाच्या रूपात विरघळलेले असते. ते खरे द्रावण, झोत दिसत नाही. हवा लागली की ते त्रिभारित होते, फेरिक हायड्रॉक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण जन्मतात, पाणी पारदर्शक राहूनही पिवळे होते आणि झोत दिसू लागतो. हे कलिल. कण एकमेकांना चिकटत वाढतात आणि रात्रीतून बादलीच्या तळाशी गंजाच्या रंगाचा साका. हे निलंबन. एकाच बादलीत, हात न लावता, तिन्ही अवस्था क्रमाने. तुमच्या भागात अशी विहीर असेल तर वर्गासाठी याहून चांगला प्रयोग नाही.

स्वयंपाकघरातही हीच सीमा ओलांडली जाते. नाचणे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतो, तेव्हा पांढरे पाणी रात्रभर ठेवले की सत्त्व खाली बसते आणि वरचे पाणी ओतून टाकता येते. स्टार्चचे दाणे काही मायक्रॉनचे, म्हणजे निलंबन. तेच सत्त्व गूळ आणि नारळाचा रस घालून तिझणासाठी (नाचण्याच्या गोड पदार्थासाठी) शिजवले की साधारण ६५-७० अंशांच्या पुढे दाणे पाणी शोषून फुगतात, फुटतात, त्यांतले लांब रेणू पाण्यात पसरतात, आणि गार झाले की ते घट्ट कलिल. पुन्हा कितीही ठेवा, सत्त्व खाली बसणार नाही. पदार्थ तोच, पण उष्णतेने तो सीमा ओलांडून गेला. सोलकढी मात्र वेगळीच शंका उभी करते. नारळाच्या रसातले तेलाचे थेंब बरेचसे मायक्रॉनहून मोठे असतात, तक्त्याप्रमाणे ते कलिल नव्हेत, तरीही पायस (इमल्शन) म्हणून आपण त्याला कलिलांच्याच घरात बसवतो. थेंबांभोवतीची प्रथिने त्यांना वेगळे ठेवतात म्हणून. कोकमाच्या आंबटपणाने पीएच चारच्या आसपास आला की त्या प्रथिनांचा भार जवळजवळ शून्य होतो आणि ठेवलेली कढी फुटल्यासारखी वर साय, खाली पाणी होते. पृष्ठभागाचा भार गेला की टिकाव गेला, हे व्हाळाच्या चिकणमातीला लागू तसे सोलकढीलाही.

औषधांच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ लिहिलेले असते, ते निलंबन. वेर्णे, कुंडई भागातल्या औषध कारखान्यांत काम करणारे पालक असतील तर त्यांना वर्गात बोलवा, ते एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतील: कण पूर्ण सुटे ठेवले तर ते सावकाश बसतात, पण तळाशी इतके घट्ट जमतात की बाटली कितीही हलवली तरी सुटत नाहीत. म्हणून त्यांना मुद्दाम सैल गुच्छांत राहू देतात. गुच्छ लवकर बसतात, पण एका हिसक्यात पुन्हा पसरतात.

आता वर्गासाठी. दोन दिवसांनी वरचे तांबूस पाणी हलक्या हाताने तीन बरण्यांत लिटरलिटरभर ओतून घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत दहा ग्रॅम मीठ विरघळवा. तिसरीत तुरटीच्या एक टक्का द्रावणाचे तीन-चार मिलिलिटर घाला, मिनिटभर जोरात आणि मग पंधरा मिनिटे सावकाश ढवळा. दुकानातली स्फटिक तुरटी ही पोटॅशची, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम आमच्या प्रकल्पातल्या तुरटीपेक्षा कमी असते, म्हणून फ्लॉक दिसला नाही तर एखादा मिलिलिटर वाढवा, आणि तरीही नाही दिसला तर चमचाभर चुन्याची निवळी घाला. तुरटीची बरणी तासाभरात निवळेल, मिठाची काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि पहिली तशीच राहील. मग मुलांना वजने फळ्यावर लिहायला लावा: मीठ १०,००० मिलिग्रॅम, तुरटी ३० ते ४० मिलिग्रॅम.

परीक्षेत मुलांनी तक्त्यातलेच लिहावे, गुण त्याला आहेत. फक्त ‘कलिलाचे कण बसत नाहीत’ याच्यापुढे ‘कारण समान विद्युतभारामुळे ते एकत्र येत नाहीत आणि रेणूंचे धक्के त्यांना तरंगत ठेवतात’ एवढे वाक्य जोडायला शिकवा.

आणि प्रयोग झाल्यावर तिसऱ्या बरणीतले नितळ पाणी कुणालाही पिऊ देऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची अपेक्षित मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचे एकक) आहे, दुसरा स्रोत नसेल तर ५. ती मर्यादा पाळूनही जंतू मरत नाहीत. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे मापाने ते स्वतःच कलिल आहेत, आणि जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, बरोबर सीमेवरचे. तुरटी त्यांतले बरेचसे खाली नेते, सगळे नाही. जे गढूळ पाण्यात उरतात ते मातीच्या कणाआड क्लोरिनपासूनही वाचतात, म्हणून आम्ही आधी पाणी नितळ करतो आणि मगच क्लोरिन घालतो. घरी तेवढ्यासाठी पाणी निवळून, गाळून, खळखळून उकळून घ्यावे.